लाइट गेल्यावर कोणती खोली चालू राहिली पाहिजे?

नेरूळहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात देतो:

"आम्ही सिडकोच्या जुन्या रो-हाउसमध्ये राहतो. सासरे ७८ वर्षांचे आहेत. फुप्फुसाच्या आजारामुळे त्यांना रात्री झोपताना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. घरात १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्यांचा जुना इन्व्हर्टर आहे, तो आता पाऊण तासात मान टाकतो. गेल्या जूनमध्ये पहिल्याच वादळी पावसात रात्री पाच तास लाइट नव्हती. शेवटी दोन वाजता बाबांना गाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. आता सोलर आणि लिथियम बसवायचं पक्कं केलंय, पण तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो, ५ किलोवॅटचा हायब्रिड आणि १० युनिटची लिथियम घ्या, बिल शून्य होईल. दुसरा म्हणतो, जुन्याच इन्व्हर्टरला लिथियम जोडून देतो, खर्च वाचेल. भाचा म्हणतो, सरकारी अनुदानात नुसतं ऑन-ग्रिड घ्या, बॅटरीची गरजच नाही. महिन्याला सरासरी ३२० युनिट जळतात. गच्चीवर पावसाळी पत्र्याची शेड आहे. कोणाचं ऐकू?"

ताई, रात्री दोन वाजता बाबांना गाडीत घालावं लागलं हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नाआधी दुसऱ्याच गोष्टीचा विचार केला. ती आधी सांगतो. सोलर बसेल तेव्हा बसेल, त्याआधी या आठवड्यात घरात एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी आणून ठेवा. किती लिटरवर लावायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि घरातल्या दोघांनी तरी तो उघडायला शिका. इन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी ते एक यंत्रच आहे, त्याचं कार्ड कधीही जाऊ शकतं. पुढचं सगळं तो सिलिंडर घरात आहे असं धरून लिहितो.

आता तीन सल्ले. भाच्याचा सल्ला बिलापुरता बरोबर आहे, पण तुमची अडचण त्याने सुटणार नाही. नुसती ऑन-ग्रिड यंत्रणा, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेली सोलर, लाइट गेली की स्वतःच बंद पडते, भर दुपारी ऊन असलं तरी. हा तिच्यातला दोष नव्हे, ती मुद्दाम तशी बनवलेली असते. तुमच्या पॅनेलची वीज लाइनमध्ये जात राहिली, तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसेल. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय का? कळवा-पडघा भागातल्या उच्चदाबाच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच बंद पडली. त्या दिवशी ज्यांच्या गच्चीवर ऑन-ग्रिड पॅनेल चमकत होती, त्यांच्याही घरात पंखा फिरत नव्हता. अनेकांना ही गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा कळली.

दुसऱ्याचा सल्ला सरळ नाकारा. तुमचा जुना इन्व्हर्टर २४ व्होल्टचा, ट्यूब्युलरसारख्या शिसं-ॲसिडच्या बॅटऱ्यांसाठी बनवलेला. त्याच्या जागी येणारी लिथियम बॅटरी म्हणजे ३.२ व्होल्टचे ८ सेल, २५.६ व्होल्ट. या सेलला ३.६५ व्होल्टच्या वर चार्ज चालत नाही, म्हणजे सगळ्या बॅटरीला २९.२. ट्यूब्युलरचा चार्जर बूस्टला, म्हणजे जोराने भरताना, तिथवर जातो आणि इक्वलायझेशनला, म्हणजे सेल सारखे करायला मुद्दाम जास्त भरताना, त्याच्याही पुढे. मग लिथियमच्या आतलं बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारं कार्ड, बॅटरी तोडून टाकतं. खालच्या बाजूलाही तेच. जुना इन्व्हर्टर एका बॅटरीमागे १०.५ व्होल्टपर्यंत, दोहोंत मिळून २१ व्होल्टपर्यंत ओढतो. ट्यूब्युलरला ते चालतं, पण लिथियमचा सेल तेव्हा २.६ व्होल्टवर, अगदी तळाला गेलेला असतो. आणि बीएमएसने तोडलेली बॅटरी काही जुने इन्व्हर्टर ओळखतच नाहीत, त्यामुळे लाइट आल्यावरही चार्जिंग सुरू होत नाही. एखादा नवा इन्व्हर्टर 'लिथियम' असं सेटिंग घेऊन येतो, त्याची गोष्ट वेगळी. तुमचा तसा नाही. दोन-पाच हजार वाचवायला बाबांचं मशीन त्याच्यावर ठेवू नका.

राहिला पहिला, हायब्रिडवाला. हायब्रिड म्हणजे सोलर, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा इन्व्हर्टर. त्याची दिशा बरोबर आहे, माप चुकलंय. आणि 'बिल शून्य होईल' हे वाक्य तो बॅटरीच्या नावावर विकतोय, तिथे मला थांबवावंसं वाटतं. बिल पॅनेल आणि नेट मीटर मिळून कमी करतात. दिवसा जास्तीची वीज महावितरणच्या लाइनमध्ये जाते, रात्री तुम्ही ती परत घेता, मीटर दोन्ही मोजतो आणि फरकाचं बिल येतं. नेट मीटर असेल तर लाइन हीच तुमची कोठी आहे, आणि तिला ना झीज, ना जागा लागत. तेच युनिट लाखभर रुपयांच्या बॅटरीत रोज भरून रोज उपसलं तर वाटेत दहावा हिस्सा उष्णतेत जातो आणि बॅटरीचं आयुष्यही खर्ची पडतं. स्थिर आकार तर बिलात राहणारच, त्यामुळे अगदी शून्य कोणाचंच होत नाही. बॅटरी घ्यायची ती बाबांच्या खोलीसाठी. ती किती मोठी हवी हेही ती खोलीच ठरवेल.

कागद घ्या. कॉन्सन्ट्रेटरच्या मागच्या पट्टीवर वॉट लिहिलेले असतील. ५ लिटरची मशीनं साधारण ३०० ते ३५० वॉट घेतात. आपण ३५० धरू. रात्री ९ तास म्हणजे ३.१५ युनिट. बाबांच्या खोलीतला आणि तुमच्या खोलीतला पंखा साधे असतील तर प्रत्येकी ७५ वॉट, दोन्ही मिळून रात्रीत १.३५ युनिट. तेच बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे घेतले तर प्रत्येकी ३० वॉट, दोन्ही मिळून ०.५४. (हे पंखे आधी बदला. या सगळ्या खर्चात सगळ्यात लवकर वसूल होणारा खर्च तोच आहे.) वायफायचा डबा आणि एक झिरोचा दिवा, ०.१८. शिवाय एक गोष्ट कोटेशनवाले कधीच लिहीत नाहीत. इन्व्हर्टर स्वतःसाठीच ५० वॉटच्या आसपास खातो, काहीही चालू नसलं तरी. त्याचे रात्रीत ०.४५. बीएलडीसी पंखे धरून बेरीज होते ४.३ युनिटच्या थोडी वर.

बाजारात ज्याला '५ युनिटची लिथियम' म्हणतात ती ५१.२ व्होल्ट, १०० एएच, म्हणजे ५.१२ युनिट. तळाला दहाएक टक्के शिल्लक ठेवून आणि इन्व्हर्टरमधली गळती वजा करून हाती लागतात सव्वाचार युनिट. म्हणजे एका बॅटरीवर बाबांची रात्र जवळजवळ पूर्ण निघते. फ्रिज जोडला तर पहाटे कमी पडेल, म्हणून फ्रिज बॅकअपवर घेऊ नका. न उघडलेला फ्रिज चार-पाच तास थंड राहतो. गेल्या जूनसारखे पाच तास तर एक बॅटरी सहज काढेल. म्हणून माझं मत असं, की आज एकच घ्या, पण अशी घ्या की शेजारी तशीच दुसरी जोडता येईल. पहिला पावसाळा बघा. दुसरी घ्यावीशी वाटली तर फार वर्षं थांबू नका. तीच कंपनी, तेच मॉडेल, शक्यतो वर्षभरात. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र नीट जुळत नाहीत.

इन्व्हर्टरही मग ५ किलोवॅटचा लागत नाही. ३ किंवा साडेतीन किलोवॅटचा हायब्रिड पुरे. ३ किलोवॅटला बॅटरीतून ६० ॲम्पिअरच्या आसपास करंट निघतो, तो एका बॅटरीला झेपतो. ५ किलोवॅट काढायचे तर १०० ॲम्पिअर लागतात, आणि अनेक बॅटऱ्यांचं बीएमएस तेवढा करंट सतत देतच नाही. विकणारा माणूस इन्व्हर्टरचे किलोवॅट सांगतो आणि बॅटरीचे युनिट सांगतो. मधला ॲम्पिअरचा आकडा विचाराल तेव्हा तो पत्रक उघडेल. उघडायलाच लावा.

बॅकअपच्या लाइनवर काय नको तेही लिहून द्या. गिझर, इंडक्शन, एसी, इस्त्री आणि पाण्याचा पंप नको. अर्ध्या एचपीचा पंप चालताना थोडीच वीज घेतो, पण सुरू होताना कितीतरी पटीने झटका देतो, आणि त्या झटक्याला इन्व्हर्टर ट्रिप झाला तर बाबांचं मशीनही बंद पडेल. एवढ्या एका कारणासाठी पंप वेगळा हवा.

आता पॅनेल. महिन्याला ३२० युनिट म्हणजे तुम्हाला ३ किलोवॅट शोभतात. ५४० वॉटची सहा पॅनेल झाली की ३.२४ किलोवॅट. आपल्याकडे १ किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिटच्या आसपास धरतात, पण ती सरासरी आहे. माझ्या ठाण्यातल्या गच्चीवर ३ किलोवॅट आहेत. एप्रिलच्या दिवसात तेरा-चौदा युनिट येतात आणि जुलैत झड लागली की साडेतीनवरही समाधान मानावं लागतं. पावसाळ्यात नेमकी लाइट जाते आणि तेव्हाच ऊन नसतं, म्हणून बॅटरी नुसत्या उन्हावर सोडू नका. हायब्रिडमध्ये लाइनवरूनही चार्ज करण्याची सोय असते, ती चालू ठेवा.

'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० मिळतात. त्याच्या वर कितीही लावलं तरी तेवढेच. हे पैसे पॅनेलच्या किलोवॅटवर आहेत, बॅटरीला त्यातलं काही नाही. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचीच हवीत, पुरवठादार योजनेत नोंदलेला हवा, आणि नेट मीटर बसून यंत्रणा सुरू झाल्यावर रक्कम तुमच्या बँकखात्यात येते. म्हणून 'अनुदान वजा करून देतो' म्हणणाऱ्याचं कोटेशन नीट वाचा, तो कोणाच्या खात्याचं बोलतोय ते विचारा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या नियमांनी वेगळा तांत्रिक अभ्यास लागत नाही, तेवढा त्रास कमी झालाय. पण बिलावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव एकच लागतं. सिडकोच्या जुन्या घरांत मीटर बहुतेक वेळा मूळ मालकाच्या किंवा वडिलांच्या नावावर असतो. आजच बिल काढून बघा. बाबांच्याच नावावर असेल तर बाबांच्या नावानेच अर्ज करा. तिसऱ्याच कोणाचं असेल तर नाव बदलायला आधी टाका, कारण त्यातच वेळ जातो.

आणि परवानगीशिवाय वीज लाइनमध्ये सोडायला कोणी सांगितलं, 'मीटर नंतर बघू' म्हणालं, तर ऐकू नका. साध्या मीटरपैकी काही मीटर बाहेर गेलेलं युनिटही आत आलेलं समजून मोजतात. पॅनेल तुमचं, ऊन तुमचं आणि बिल वाढलेलं, अशी घरं मी पाहिली आहेत. नेट मीटर येईपर्यंत इन्व्हर्टरमध्ये बाहेर वीज न सोडण्याचं सेटिंग ठेवायला लावा.

शेडबद्दल. पत्र्याच्या शेडवर सरळ पॅनेल आवळून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला एकच विचारा: शेडचे हे पाइप कशासाठी उभे केले होते? पाऊस अडवायला. सहा पॅनेल म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आसपास वजन, ते कदाचित पेलतीलही. पण वारा पॅनेलला खालून उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग आणि १७ मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा आपल्या भागात किती पत्रे उडाले ते तुम्हीही पाहिलं असेल. पॅनेलची मांडणी स्वतःच्या खांबांवर हवी, खांब खालच्या भिंती किंवा बीमच्या रेषेत हवेत, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोक न पाडता काँक्रीटचे ठोकळे ओतून उभे केलेले हवेत. एकदा स्लॅबला भोक पडलं की पहिल्या जुलैत छताला ओल आलीच. नेरूळला खाडीची हवा आहे, म्हणून लोखंड गरम जस्तात बुडवलेलं हवं, नुसता चंदेरी रंग नको, आणि नटबोल्ट ३०४ स्टीलचे. कोटेशनमध्ये हे शब्द नसतील तर लिहायला लावा.

सावली मात्र तुमची तुम्हीच मोजा, मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो, बाकी वर्ष दक्षिणेला. उन्हाळ्यात गच्ची बघायला येणाऱ्याला टाकीची सावली दिसतच नाही. डिसेंबरात दुपारीसुद्धा सूर्य ४७ अंशांच्या आसपासच चढतो. दीड मीटर उंच टाकीची सावली तेव्हा जवळजवळ १.४ मीटर उत्तरेकडे पडते, सकाळी नऊला तर बरीच लांब. शेजारी रो-हाउस पाडून उंच इमारत होणार असेल तर तेही आजच विचारून घ्या. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली आली तरी सगळ्या ओळीची वीज घटते.

आता जे कोटेशनमध्ये नसतं आणि ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते लिहितो. माझ्या घरी बॅटरी बसवून दोन महिने झाले होते. एका संध्याकाळी कपाटाजवळून जाताना गरम प्लॅस्टिकसारखा वास आला. बारीक, अगरबत्ती विझल्यावर रेंगाळतो तेवढाच. दिवा लावून पाहिलं तर काही दिसेना. मग हाताचा पालथा भाग बॅटरीच्या केबलवरून फिरवत नेला. मधे केबल गार होती आणि शेवटी, लगजवळ, म्हणजे केबलच्या टोकाला बोल्टमध्ये अडकवायच्या धातूच्या कडीजवळ, हात ठेववेना. लाल आवरणाची कड बदामी झाली होती. पाना लावला तर बोल्ट पाव फेरी सहज फिरला. ज्या माणसाने तो बसवला होता त्याने लग पक्कडीने दाबून वर टेप गुंडाळली होती. ६० ॲम्पिअरला एवढीशी सैल जागा पुरते, तिथेच उष्णता तयार होते. त्या रात्री आम्ही सगळे वरच्या मजल्यावर झोपणार होतो आणि बॅटरी खाली जिन्याजवळ होती. ते आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

म्हणून तुमच्याकडे काम चालू असताना समोर उभ्या राहा. केबल ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची, लग हायड्रॉलिक क्रिंपिंगने दाबलेले, बोल्ट टॉर्क पान्याने कंपनीने सांगितलेल्या मापावर आवळलेले. बॅटरीच्या प्लस टोकाला फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ, इन्व्हर्टरच्या जवळ नव्हे. ब्रेकर डीसीचाच हवा. आपल्या घरातली एसी वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, त्यामुळे साध्या एमसीबीत ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, तिथे तीच ठिणगी जळत राहते आणि एमसीबी वितळते. पॅनेलच्या बाजूचे कनेक्टर दोन्ही एकाच कंपनीचे. सगळं सुरू झाल्यावर एका आठवड्याने आणि मग महिन्याने मीही करतो तसंच करा: पूर्ण लोड चालू ठेवून केबलच्या आवरणावरून हाताचा पालथा भाग फिरवा. उघड्या बोल्टला हात लावू नका.

जागा. पहिल्या माणसाने जिन्याखालीच, जुन्या बॅटऱ्यांच्या जागी ठेवायचं सांगितलं असणार, सगळे तेच सांगतात. तिथे नको. खालच्या मजल्यावर झोपणाऱ्या बाबांची बाहेर पडायची वाट तीच आहे. बाबांच्या खोलीत तर अजिबात नको. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत आग फार झपाट्याने भडकते, तिथे समई-उदबत्तीसुद्धा नको. गॅस सिलिंडरच्या जवळ नको, आणि गच्चीवरच्या उन्हातही नको, ४५ अंशांच्या पुढे लिथियम लवकर म्हातारी होते. मागच्या बाजूची, सावलीतली, पाऊस न लागणारी भिंत बघा. जमिनीपासून दोन फूट वर स्टँडवर ठेवा. २६ जुलै २००५ ला नवी मुंबईत ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं त्यांना कारण सांगावं लागणार नाही.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या, एलएफपी म्हणतात ती. ती तापायला लागते ते तापमान मोबाइल-स्कूटरमधल्या दुसऱ्या लिथियमपेक्षा बरंच वर आहे, आणि नीट वापरली तर हजारो वेळा भरते-उतरते. आयईसी ६२६१९ या सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र मागा. जुन्या गाड्यांचे सेल काढून गल्लीत जोडलेले स्वस्त पॅक मिळतात, तुमच्या घरात ते येऊ देऊ नका. बिलावर बॅटरीचा अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटीत 'इतकी वर्षं किंवा इतके सायकल, जे आधी होईल ते' असं असतं, दोन्ही आकडे वाचा. जुन्या ट्यूब्युलर भंगारवाल्याला देऊ नका. शिसं आणि ॲसिड आहे त्यात. दुकानदार त्या परत घेतो, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती सोय केलेली आहे.

वायरमनच्या कामात अजून एक जागा आहे, न्यूट्रलची. सिडकोच्या जुन्या घरांत एकाच पाइपातून सगळ्या खोल्यांची न्यूट्रल फिरवलेली असते. बॅकअपवर घेतलेल्या खोल्यांची फेज इन्व्हर्टरवरून आणि न्यूट्रल जुन्याच लाइनवरून असं झालं, तर लाइट असताना ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ, विनाकारण पडत राहते. मग कंटाळून कोणीतरी ती ईएलसीबीच काढून टाकतं, आणि त्या दिवसापासून घराला राखण उरत नाही. बाबांच्या खोलीसाठी फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही तारा नव्या, वेगळ्या ओढा. केसिंग पट्टी दिसली तर दिसली. शिवाय बॅकअपवर गेल्यावर इन्व्हर्टरने स्वतः न्यूट्रल आणि अर्थ जोडायला हवेत, नाहीतर गळती होऊनही ईएलसीबी पडायची नाही. ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून हे कळत नाही, ते बटण अर्थशी संबंध ठेवतच नाही. मेन स्विच बंद करून, बॅकअप चालू असताना, वायरमनला न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजून दाखवायला सांगा. शून्याजवळ दिसला पाहिजे. पन्नास-शंभर दिसला तर काम अपुरं आहे.

सेटिंग लावताना बॅटरी आणि इन्व्हर्टर बोलणारी केबल जोडतात. तिचा प्लग इंटरनेटच्या केबलसारखाच दिसतो, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो, म्हणून इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत मान्य बॅटऱ्यांची यादी असते, तिच्यातलीच बॅटरी घ्या. केबल बोलत नसेल तर आकडे हाताने भरावे लागतात. १६ सेलच्या बॅटरीला चार्ज ५६ व्होल्ट, फ्लोट, म्हणजे भरल्यावर टिकवून ठेवायचा आकडा, ५४, तोडायचा आकडा ४८, आणि इक्वलायझेशन बंद. व्होल्टेजवरून टक्के मात्र ओळखू नका. लिथियमचा व्होल्टेज ८० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना जवळजवळ सारखाच असतो. टक्के बीएमएसकडूनच घ्यायचे.

आणि ताई, ज्या एका सेटिंगसाठी मी एवढं लिहीत आलो ते इथे आहे. बसवणारा माणूस सवयीने प्राधान्य लावून जातो: आधी सोलर, मग बॅटरी, मग लाइन. दिसायला छान. पण याचा अर्थ असा, की सूर्य मावळला की घर बॅटरीवर चालायला लागतं, टीव्ही, दिवे, मिक्सर सगळं, आणि साडेदहाला बाबा मशीन लावून झोपतात तेव्हा बॅटरी २० टक्क्यांवर असते. त्याच वेळी लाइट गेली तर तुम्ही पुन्हा गेल्या जूनच्या रात्रीत. म्हणून प्राधान्य आधी सोलर, मग लाइन आणि शेवटी बॅटरी असं लावून घ्या. शिवाय लाइन चालू असताना बॅटरी ९० टक्क्यांखाली उतरता कामा नये, असा राखीव आकडा भरा. कायम शंभरावर टांगून ठेवणंही उन्हाळ्यात बरं नाही, म्हणून ९०. महिन्यातून एकदा पूर्ण शंभरपर्यंत जाऊ द्या, त्यात सेल एकमेकांशी जुळून घेतात आणि टक्क्यांचा हिशोबही ताळ्यावर येतो.

सगळं बसलं की पैशांचा शेवटचा हप्ता देण्याआधी एक चाचणी घ्या. दुपारी नको, रात्री घ्या. सिलिंडर शेजारी ठेवा, बाबांना आधी सांगा, मशीन लावा आणि घराचा मेन स्विच खाली पाडा. पंखा चालू राहतो का, मशीनचा अलार्म वाजतो का, वाजला तर ते आपोआप परत सुरू होतं का, ते बघा. घड्याळात वेळ टिपा आणि दर तासाला टक्के लिहा. पाच तासांनी किती उरले तो आकडा खडूने इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर लिहून ठेवा, तारखेसह. पुढच्या मेमध्ये, पाऊस यायच्या आधी, हीच चाचणी पुन्हा घेऊन नवा आकडा त्याच्याखाली लिहा.

बाबांना माझा नमस्कार सांगा. कोटेशन पक्कं करण्याआधी बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या पत्रकांचे फोटो पाठवलेत तर ॲम्पिअरचे आकडे मी बघून देईन.